कंटेंट सेम आहे

मुलुंड पूर्वेला माझी आत्या राहते. वय ७८. गेल्या पावसाळ्यात तिचे पाय सुजले. घोट्यावर बोट दाबलं की खळगा पडायचा आणि भरून यायला वेळ लागायचा. शेजारणीने मीठ कमी करायला सांगितलं, कुणी किडनीच्या तपासण्या करून घे म्हणालं. मी रविवारी गेलो आणि आधी तिचा गोळ्यांचा डबा मागितला.

श्रीखंडाचा रिकामा डबा. आत अकरा पट्ट्या. निम्म्याहून जास्त कात्रीने कापलेल्या, कारण पट्टी दहाची असली तरी आत्या आठवड्याला लागतात तेवढ्या सातच गोळ्या आणते. कापताना नाव दुकानातल्या तुकड्यावर राहिलं आणि आत्याच्या वाट्याला आली नुसती चंदेरी पाठ, तिच्यावर बॅच नंबरचे दोन आकडे. मी डबाच उचलला आणि स्टेशनजवळच्या मेडिकलमध्ये नेला. तिथल्या काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, दोन तुकडे काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाले, "ही फॅमिली डॉक्टरांची. ही हॉस्पिटलमधून लिहून दिलेली. दोन्ही चालू आहेत का? अहो, कंटेंट सेम आहे."

दोन्ही अ‍ॅम्लोडिपिन. पाच-पाच मिलिग्रॅम. एक गोळी आत्या बारा वर्षं घेत होती. दुसरी जूनमध्ये तीन दिवस दाखल होती तेव्हाच्या डिस्चार्ज कार्डावर आली. तिच्या लेखी एक 'बीपीची' आणि दुसरी 'हॉस्पिटलची'. दोन्ही नावांत एक अक्षर सारखं नाही. तिने दोन्ही नेमाने घेतल्या, एक दिवस चुकवला नाही. अ‍ॅम्लोडिपिनचा डोस वाढला की पाय सुजू शकतात, हे कुठलाही डॉक्टर सांगेल. सोमवारी तिच्या डॉक्टरांनी एक गोळी बंद केली. पंधरा दिवसांत सूज उतरली.

मला त्या तीन शब्दांनी हलवलं. कंटेंट सेम आहे. मागितलेली कंपनी दुकानात नसली की प्रत्येक केमिस्ट हेच म्हणतो आणि आपण मान डोलावतो. म्हणजे बघा, औषधाच्या खऱ्या नावाला आपण 'कंटेंट' म्हणतो आणि कंपनीने ठेवलेल्या लाडक्या नावाला 'नाव' म्हणतो. सगळा घोळ इथून सुरू होतो.

औषधाला नावं तीन. पहिलं रसायनशास्त्राचं, लांबलचक, ते शास्त्रज्ञांपुरतं. दुसरं मूळ नाव, म्हणजे जेनेरिक, ते जगाचं. तिसरं ब्रँडचं, ते कंपनीचं. मूळ नाव ठरवण्याचं काम जागतिक आरोग्य संघटना करते. तसा ठराव १९५० साली झाला, पहिली यादी १९५३ साली निघाली. ज्या कंपनीला नवा रेणू सापडतो ती संघटनेच्या जिनिव्हातल्या मुख्यालयाला काही नावं सुचवते, तज्ज्ञांची समिती त्यांतलं एक निवडते किंवा वेगळंच ठरवते, मग ते नाव छापून जगापुढे ठेवतात. हरकतीला चार महिने. त्यानंतर ते पक्कं. आणि पक्कं झालेलं नाव कुणाच्याही मालकीचं नाही. आपल्या १९९९च्या ट्रेड मार्क कायद्याचं १३वं कलम ते नोंदवून घ्यायलाच मनाई करतं. हवेसारखं, पावसासारखं ते सगळ्यांचं.

सगळे देश मात्र त्या वाटेने जात नाहीत. पॅरासिटामॉल घ्या. त्याच्या रासायनिक नावात पॅरा, अ‍ॅसिटिल, अमिनो आणि फिनॉल असे तुकडे. आपण त्यातून पॅरासिटामॉल उचललं, अमेरिकेने अ‍ॅसिटामिनोफेन. बोरिवलीचे आजी-आजोबा न्यू जर्सीला मुलाकडे जातात, ताप आला की तिथल्या दुकानात पॅरासिटामॉल शोधतात आणि सापडत नाही. गोळी समोरच्या फळीवर असते. वेगळ्या नावाने.

मूळ नावाची खरी ताकद त्याच्या शेपटीत आहे. आपल्याकडे 'कर' लागला की माणूस कुठल्या गावचा ते कळतं, तसंच हे. 'सार्टन' म्हणजे रक्तदाबाच्या गोळ्यांचं एक घराणं: टेल्मिसार्टन, लोसार्टन, ओल्मेसार्टन. 'डिपिन' हे दुसरं: अ‍ॅम्लोडिपिन, सिल्निडिपिन, निफेडिपिन. 'प्रिल' तिसरं: एनालाप्रिल, रामिप्रिल. या प्रिलवाल्यांचं एक लक्षण म्हणजे काही जणांना कोरडा खोकला लागतो आणि तो हटत नाही. महिनोन् महिने खोकल्याचं औषध पिणाऱ्या एखाद्या काकांना 'प्रिल' एवढी दोन अक्षरं माहीत असती तर ती बाटली आणण्याआधी त्यांनी डॉक्टरांना प्रश्न विचारला असता. कोलेस्टेरॉलला 'स्टॅटिन'. शुगरच्या नव्या गोळ्यांत 'ग्लिप्टिन' आणि 'ग्लिफ्लोझिन'. अ‍ॅसिडिटीला 'प्राझोल': पँटोप्राझोल, राबेप्राझोल. इथे मात्र जपून. अरिपिप्राझोलचा शेवट कानाला तसाच लागतो, पण ते मानसिक आजारांवरचं औषध. त्याची शेपटी 'पिप्राझोल', घराणंच वेगळं. शेपटी पूर्ण वाचावी लागते.

नाव ठेवण्याचे नियमही विचारपूर्वक केलेले. इंग्रजी 'एच' आणि 'के' ही अक्षरं शक्यतो टाळायची, 'पीएच'च्या जागी 'एफ' लिहायचा, म्हणजे वेगवेगळ्या भाषांत लिहिताना-बोलताना अडचण येऊ नये. आणि सगळ्यात शहाणा नियम: नावात रोगाचा किंवा अवयवाचा उल्लेख नको. आज एका रोगावर दिलेलं औषध उद्या दुसऱ्यावर चालतं. शिवाय रुग्णाच्या हातात दिलेल्या कागदावर त्याचा रोग ओरडून सांगू नये.

या नामकरणाचा एक धागा थेट आत्याच्या मुलुंडला येऊन मिळतो. लालबहादूर शास्त्री मार्गावर होएक्स्ट या जर्मन कंपनीचं संशोधन केंद्र होतं. तिथे भारतीय वनस्पती एकेक करून तपासल्या जात होत्या. त्यांत एका मुळाच्या अर्काने रक्तदाब उतरतो असं दिसलं. वनस्पती कोलियस फोर्स्कोली. घाटकोपर-मुलुंडच्या गुजराती शेजाऱ्यांना हे वाचून आश्चर्य वाटेल, पण तुमच्या बरणीतली गरमर ती हीच. जिच्या मुळांचं लोणचं तुम्ही घालता ती. मुलुंडच्या शास्त्रज्ञांनी त्या मुळातलं द्रव्य वेगळं केलं, १९७७ साली त्याची रचना प्रसिद्ध केली आणि नाव दिलं फोर्स्कोलिन.

हे 'फोर्स्क' आलं कुठून? पेटर फोर्स्कोल या निसर्गअभ्यासकाकडून. लिनियसचा शिष्य. डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानात पाठवलेल्या मोहिमेत तो होता. १७६३च्या जुलैमध्ये येमेनमध्ये मलेरियाने गेला. त्याचा सोबती कार्स्टन नीबुर त्याच वर्षी जहाजाने मुंबईला पोचला आणि त्याने घारापुरीच्या लेण्यांची चित्रं काढली. फोर्स्कोल मुंबईला पोचलाच नाही. दोनशे वर्षांनी त्याचं नाव पोचलं, तेही मुलुंडला, एका मुळाला चिकटून.

पण त्याच द्रव्याला लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने 'कोलिओनॉल' म्हटलं होतं. बरीच वर्षं ही दोन वेगळी द्रव्यं आहेत असं वाटत होतं. १९८५ साली सिद्ध झालं की दोन्ही एकच. पुढे जिनिव्हाच्या यादीत त्याचं मूळ नाव लागलं कोल्फोर्सिन. कोलियसमधला 'कोल' राहिला, फोर्स्कोलचा 'फोर्स' राहिला, 'के' गळला. त्याच्यापासून केलेलं एक इंजेक्शन जपानमध्ये हृदय अचानक कमकुवत पडलेल्या रुग्णांसाठी वापरात आलं. शास्त्रज्ञांचीसुद्धा दोन नावांनी फसगत होते आणि ती दूर व्हायला वर्षं लागतात. मग आत्याने दोन पट्ट्या ओळखाव्यात अशी अपेक्षा कुणी आणि कशाच्या जोरावर करायची?

तसं तर पिंपरीचंही नाव या दुनियेत कोरलेलं आहे. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या प्रयोगशाळेत बुरशीवरचं एक औषध सापडलं, त्याचं नाव हॅमायसिन. 'हॅ'मध्ये हिंदुस्थानचा 'एच' आणि अँटिबायोटिक्सचा 'ए'. ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळालं त्याला स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना म्हणतात. हे प्रत्येक मराठी शाळेत सांगायला हवं.

आता तिसरं नाव, ब्रँडचं. ते ठेवण्याच्या जागा आपल्याच उपनगरांत आहेत. सन फार्माचं मुख्यालय गोरेगावला, इप्काचं कांदिवलीला, ग्लेनमार्क आणि मॅक्लिऑड्स अंधेरीला. ग्लेनमार्क हे नाव संस्थापक ग्रेशियस सल्डाना यांनी १९७७ साली ग्लेन आणि मार्क या आपल्या मुलांवरून ठेवलं. इप्का म्हणजे इंडियन फार्मास्युटिकल कंबाइन असोसिएशनची आद्याक्षरं. कंपनीचं नाव कसं ठेवावं हा ज्याचा त्याचा प्रश्न. गोळीच्या नावाचं तसं नाही.

इप्काची मलेरियावरची जुनी गोळी लॅरियागो. आत क्लोरोक्वीन. नाव मोठ्याने म्हणून बघा: मलेरियातला 'लेरिया' आणि पुढे 'गो', म्हणजे जा. जिनिव्हाने जे करू नका म्हटलं तेच इथे केलेलं. आणि मला हे मान्य करायला हवं की नाव म्हणून ते उत्तम आहे, तोंडात बसतं, लक्षात राहतं. अडचण पुढच्या कंपनीपासून सुरू होते. रोगाचं नाव एकच, त्याचे तुकडे सगळ्यांना हवेत, मग नावं एकमेकांना धडकतात.

कॅडिलाचा खटला याच धडकेचा. एकाच घरातून फुटून निघालेल्या दोन कंपन्या, दोघींच्या नावात कॅडिला. एकीची गोळी फाल्सिगो, दुसरीची फाल्सिटॅब. दोन्ही फाल्सिपेरम मलेरियावर, दोन्ही नावांची सुरुवात एकच. पण आत औषध वेगळं: एकीत आर्टेसुनेट, दुसरीत मेफ्लोक्वीन. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने ठणकावून सांगितलं की औषधांच्या नावांना साबण-बिस्किटांपेक्षा कडक कसोटी लावायला हवी, कारण इथे गफलत झाली तर जीव जातो. डॉक्टर आणि केमिस्ट शिकलेले असले तरी तेही चुकू शकतात, हेही म्हटलं. आणि परवाना देण्याआधी नावाचा शोध-अहवाल मागवावा, असं सुचवलं.

शोध घ्यायचा नियम आला २०१९च्या नोव्हेंबरमध्ये. अठरा वर्षांनी. त्यातही अर्जदारानेच लिहून द्यायचं की मी शोधलं, असं नाव दुसऱ्या कुणाचं नाही. परीक्षार्थीनेच पेपर तपासायचा.

मधल्या काळात काय चाललं होतं त्याचा नमुना मुंबई उच्च न्यायालयाच्या दप्तरात आहे. ग्लेनमार्कचं बुरशीवरचं मलम कँडिड-बी. गाल्फा लॅबोरेटरीजने क्लोडिड-बी काढलं, पाकिटाचं रंगरूपही तसंच. २०१८च्या ऑगस्टमध्ये न्यायमूर्ती काथावाला यांनी दीड कोटी रुपये भरायला लावले, केरळच्या पूरग्रस्त निधीत. औषधं म्हणजे मिठाई नव्हे, असं सुनावलं. निकाल चोख. पण एक गोष्ट मला खुपते. कोर्टात गेली ती कंपनी, आपलं नाव चोरलं म्हणून. ज्यांच्या त्वचेवर ते मलम लागतं त्यांच्यातलं कुणी त्या दालनात नव्हतं. नावाचं भांडण मालकीचं म्हणून लढलं जातं, सुरक्षिततेचं म्हणून क्वचित.

आणि आत्याची तक्रार तर कुठल्याच कोर्टात बसत नाही. तिची दोन्ही नावं वेगळी होती, कायदेशीर होती, कुणी कुणाची नक्कल केलेली नव्हती. सारखी नावं, आत वेगळं औषध, यावर खटले होतात. वेगळी नावं, आत तेच औषध, याला आपण बाजार म्हणतो. अ‍ॅम्लोडिपिन किती नावांनी मिळतं ते तुमच्या केमिस्टला विचारा. अ‍ॅम्लोव्हास, अ‍ॅम्लाँग, अ‍ॅम्लोप्रेस, स्टॅम्लो, अ‍ॅमटास, ही पटकन आठवलेली. पुढे त्यांना शेपट्या जोडायच्या: एटी, एच, प्लस, फोर्ट. बहुतेक शेपट्यांत आणखी एक औषध दडलेलं. चिठ्ठीवरची ती दोन इंग्रजी अक्षरं घाईत पुसट झाली की गोळी बदलते.

हे सरकारला कळत नव्हतं असं नाही. जयसुखलाल हाथी समितीने १९७५ सालीच ब्रँडची नावं हळूहळू बंद करा म्हणून सांगितलं. पुढे सरकारने सुरुवात म्हणून पाच औषधं निवडली: अ‍ॅनाल्जिन, अ‍ॅस्पिरिन, क्लोरप्रोमाझिन, फेरस सल्फेट, पिपराझिन. कंपन्या कोर्टात गेल्या आणि ते पाऊल तिथेच थांबलं. २०२३च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने डॉक्टरांना मूळ नावच लिहायला सांगितलं. २ तारखेला नियम, २३ तारखेला स्थगिती. तीन आठवडे टिकला.

डॉक्टरांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. ते म्हणतात, मी नुसतं मूळ नाव लिहिलं तर कंपनी केमिस्ट निवडणार, आणि तो जिच्यात जास्त सुटतं तीच देणार. दुसरं म्हणणं दर्जाचं: सगळ्या कंपन्यांचा माल सारखा नसतो. दोन्ही खरं. पण दर्जा सांभाळणं हे औषध निरीक्षकाचं काम, ते ओझं नावावर टाकून कसं चालेल? आणि पहिल्या मुद्द्याला उत्तर सोपं आहे. दोन्ही नावं लिहा. आधी मूळ नाव सुट्या ठसठशीत अक्षरांत, त्याखाली तुमच्या पसंतीचा ब्रँड. त्याला आयोगाचा नियम लागत नाही, दहा सेकंद जास्तीचे लागतात. आत्याच्या डिस्चार्ज कार्डावर ते दहा सेकंद कुणी दिले असते तर फॅमिली डॉक्टरांनी ते कार्ड बघताक्षणी एक गोळी खोडली असती.

एक नियम आपल्या बाजूचा आहे आणि तो चालू आहे. २०१८च्या सप्टेंबरपासून एकाच औषधाच्या गोळीवर मूळ नाव ब्रँडपेक्षा दोन मापं मोठ्या अक्षरांत छापणं बंधनकारक आहे. छापतातही. पण कात्री फिरली की ते नाव दुकानात राहतं. म्हणून केमिस्ट काकांना माझी हात जोडून विनंती आहे: पट्टी कापताना नाव आणि तारीख असलेली बाजू आधी गिऱ्हाइकाला द्या, आणि नुसता गोळ्यांचा तुकडाच जात असेल तर कागदाच्या पुडीवर पेनाने मूळ नाव लिहा. आणि "कंटेंट सेम आहे" म्हणाल तेव्हा पुढचं वाक्यही बोला, "कंटेंट म्हणजे अ‍ॅम्लोडिपिन."

आणि तुम्हाला. आज रात्री घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा डबा उघडा. प्रत्येक पट्टीवरचं मोठ्या अक्षरांतलं नाव शोधा आणि एका कागदावर मराठीत उतरवा, समोर किती मिलिग्रॅम आणि कधी. एकच नाव दोनदा आलं, किंवा एकच शेपटी दोनदा आली, तर स्वतःच्या मनाने एकही गोळी बंद करू नका. तो कागद घेऊन सकाळी डॉक्टरांकडे जा. हॉस्पिटलमध्ये दाखल व्हायची वेळ आली तर तोच कागद आधी पुढे करा. आत्याचा कागद आता श्रीखंडाच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलेला आहे. नऊ ओळी आहेत. तिसरी ओळ: अ‍ॅम्लोडिपिन ५, सकाळी एक.